विजोड

जरठ-कुमारी विवाहाचा प्रश्न देवलांच्या 'शारदा' नाटकाने १८९९ साली महाराष्ट्रापुढे मांडला आणि पुढे लोकमताने व कायद्याने त्याचा निकाल लावला, अशी आमची समजूत होती. तोच प्रश्न सव्वाशे वर्षांनंतर मिरजोळ्यास, खुद्द आमच्या माजघरात, पुन्हा उपस्थित होईल असे आम्हांस स्वप्नातही वाटले नव्हते. यातील वर म्हणजे आमच्या तीर्थरूपांनी २००४ साली घेतलेला संगणक; वधू म्हणजे चिरंजीवांनी पुण्याहून धाडलेला, खोक्यातून नुकताच बाहेर पडलेला, रुंद पडद्याचा मॉनिटर. वराची पहिली जोडीदारीण, म्हणजे सतरा इंची काचेच्या नळीचा जुना मॉनिटर, गेल्या ज्येष्ठात वीज कडाडली त्या रात्री 'टप्' असा एकच आवाज करून निवर्तली. उचलावयास दोन माणसे लागत असे तिचे शरीर होते. आता ती पडवीत पडून आहे, आणि मांजराने तिच्या पाठीवरील उबेची जुनी आठवण अद्याप सोडलेली नाही.

वीस वर्षांच्या संगणकास दुसरी जोडीदारीण शोधण्याऐवजी त्यासच निरोप का दिला नाही, असे वाचक विचारतील. रत्नागिरीतील एका दुरुस्ती करणाऱ्या तरुणाने तर आम्हांस तोंडावरच सांगितले, "काका, भंगारात घाला आणि मोकळे व्हा." त्याचा सल्ला व्यवहारास धरून होता, अडचण अशी की, त्या पेटीत आमचे तीर्थरूप आहेत. सेवानिवृत्तीनंतर त्यांनी आमच्या घराण्याच्या एका शाखेचा कुलवृत्तांत लिहावयास घेतला आणि २०१३ साली ते गेले तोपर्यंत, म्हणजे जवळजवळ नऊ वर्षे, ते तो टंकलिखित करीत होते. युनिकोड घरोघर पोचण्यापूर्वीच्या एका मराठी लिपीसंचात त्यांनी तो टंकला. या जुन्या लिपीसंचांचे गुपित असे की, संगणकाच्या लेखी ती मराठी नव्हेच. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असतात. तो लिपीसंच नसलेल्या यंत्रावर तीच धारिका उघडली की आमचे सारे पूर्वज उलटसुलट इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी होऊन समोर येतात. रूपांतर करणारी साधने आहेत, आम्ही ती वापरूनही पाहिली. गद्य मजकूर बऱ्यापैकी उतरला. जोडाक्षरे काही ठिकाणी मोडली, ती हाताने दुरुस्त करता आली असती. परंतु वंशावळ! ती अण्णांनी रेघा, मोकळ्या जागा आणि नावे यांची वीण घालून रचलेली. अक्षरांची रुंदी एका केसाने बदलली की चुलत्याचा मुलगा पुतण्याच्या पोटी जाऊन पडतो. सारांश, ती वंशावळ त्याच यंत्रावर, त्याच लिपीसंचात उघडणे प्राप्त होते.

आणि उघडण्यास घाईही होती. अण्णांच्या वंशावळीत मुलगे नावानिशी आहेत. मुलींच्या जागी 'कन्या २', 'कन्या ३' असे आकडे आहेत. हे त्यांनी दुष्टाव्याने केले असे नव्हे. त्यांच्यापुढे जुनी टिपणे होती, त्यांत तसेच होते, आणि त्यांनी नक्कल प्रामाणिक केली. त्या आकड्यांच्या मागची नावे आता एकाच व्यक्तीस ठाऊक आहेत, ती म्हणजे आमची मातोश्री. तिचे वय शहाऐंशी. सकाळी तिला आठवते ते दुपारी आठवेलच असे नाही, आणि वंशावळ डोळ्यांपुढे असली म्हणजे मात्र एका नावाच्या आधाराने दुसरे नाव तिच्या ओठावर येते, हा आमचा अनुभव. मॉनिटर बंद पडला तेव्हा जेमतेम दोन पिढ्या झाल्या होत्या.

असो. नव्या मॉनिटरची निळ्या टोकाची केबल जुन्या पेटीस जोडली, वीज दिली, आणि मोठ्या थाटात चित्र उमटले. थाट जरा अधिकच होता. अण्णांनी ग्रंथाच्या पहिल्या पानावर स्वतःचे छायाचित्र घातले आहे. अण्णा म्हणजे सुपारीच्या झाडासारखा सडसडीत मनुष्य. पडद्यावर मात्र गालफडे भरलेले, मान आखूड झालेले, एखाद्या पेढीवर बसणारे गृहस्थ आमच्याकडे पाहू लागले. आईला खुर्चीवर आणून बसविले होते. तिने चष्मा सावरला, पुष्कळ वेळ पाहिले, आणि "हे कोण?" असे विचारले. आम्ही उत्तर दिले. "नव्हेत," एवढे बोलून ती उठली, आणि त्या दिवशी पुन्हा त्या खोलीत आली नाही.

हा प्रकार नुसत्या दृष्टिभ्रमाचा की खरोखरीचा, याची परीक्षा घेण्यासाठी आम्ही संगणकावर एक वर्तुळ काढले आणि पडद्यास पोलादी पट्टी लावली. उंची १२ सेंटिमीटर, रुंदी १६. म्हणजे वर्तुळाचे अंडे झाले होते, आणि तेही हिशेबी. जुना पडदा चारास तीन या प्रमाणात होता. नवा सोळास नऊ. जुन्यासाठी केलेले चित्र नव्यावर कडेपासून कडेपर्यंत ताणले की प्रत्येक वस्तू बरोबर एक-तृतीयांशाने फुगते. सोळा-नऊ हे चार-तीनचे वर्ग आहे. हे ज्याने प्रथम ध्यानी घेतले असेल त्यास गणिताचा आनंद झाला असेल, आमच्या मातोश्रीस झाला नाही.

हे चारास तीन प्रमाण आले कोठून, तर एडिसनच्या प्रयोगशाळेतून. तेथे डिक्सन नामक साहाय्यकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ३५ मिलिमीटर फिल्मवर चार छिद्रांइतक्या उंचीची चौकट ठरविली, तीच पुढे चित्रपटाची झाली, चित्रपटावरून दूरदर्शन संचाची, आणि संचाची काच उचलली म्हणून संगणकाचीही. मध्यंतरी, घरोघरी संच आल्यावर, प्रेक्षक परत ओढण्यासाठी चित्रपटाने आपला पडदा रुंद केला. १९५३ साली 'द रोब' आला, आपल्याकडे १९५९ साली गुरुदत्तांचा 'कागज़ के फूल'. मग संचानेही रुंद व्हावयाचे ठरविले आणि जुन्या व अतिरुंद अशा दोन्ही चौकटींना मध्यम असे सोळा-नऊचे प्रमाण पत्करले. संगणकाचे पडदे त्याच कारखान्यांतून निघत असल्यामुळे त्यांच्या नशिबी तेच आले. लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसास आडवा पडदा हवा की उभा, हे कोणी विचारले नाही. वास्तविक कागद उभा असतो.

या ताणण्याची लोकांस इतकी सवय झाली आहे की त्याचे कोणास काही वाटेनासे झाले आहे, ही आमची खरी तक्रार. एका परिचितांकडे भिंतीवरच्या मोठ्या संचावर प्रभातचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' चालू होता. विष्णुपंत पागनीसांचे ते विरक्त, कृश तुकाराम त्या संचावर असे काही बाळसे धरून बसले होते की, यांच्या घरी दुष्काळ पडल्याचे आवली खोटेच सांगते, असे वाटावे. मंडळी भक्तिभावाने पाहत होती. आम्ही दूरनियंत्रक मागून चित्र मूळ प्रमाणात आणले, तेव्हा दोन्ही बाजूंस काळे पट्टे पडले, आणि यजमानांनी "पडदा फुकट जातो" म्हणून ते पूर्ववत केले. पैसे मोजून घेतलेल्या पडद्याची एक बोट जागा फुकट जाण्यापेक्षा तुकोबा लठ्ठ झालेले पुरवले!

तसे पाहिले तर हा इंचांचा व्यवहारच फसवा आहे. पडद्याचे माप कर्णाने सांगतात. आमचा जुना सतरा इंची, त्यातला दिसणारा भाग सोळा इंच. नवा साडेएकवीस इंची. ऐकणाऱ्यास वाटते, केवढी वाढ! पट्टी लावली तेव्हा रुंदी १५ सेंटिमीटरने वाढलेली निघाली, उंची सुमारे अडीचने.

तर आता ही दोघे एकमेकांस ओळखीत का नव्हती, हे पाहावयाचे. आपल्याकडे पत्रिका पाहतात, तशी मॉनिटर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यातही पाहतात, हे आम्हांस या निमित्ताने प्रथम कळले. १९९४ सालापासून अशी पद्धत आहे की, प्रत्येक मॉनिटरने आपली १२८ बाइटांची कुंडली जवळ बाळगावी: कोणी घडविला, कोणत्या वर्षी, लांबी-रुंदी किती सेंटिमीटर, आणि कोणत्या मापाचे चित्र आपणांस सर्वांत मानवते. कार्डाने विचारले की ती केबलीतूनच सादर करावयाची. आमच्या मॉनिटरच्या कुंडलीत १९२० आडवे आणि १०८० उभे ठिपके लिहिलेले. परंतु संगणकास मॉनिटरचे नावही ठाऊक नव्हते; त्याने 'सर्वसाधारण मॉनिटर' अशी अनोळखी पाहुण्यासारखी नोंद केली होती. कारण शोधता शोधता दोन दिवस गेले, आणि ते निघाले केबलीत. या टोकास पंधरा टाचण्या असतात. त्यांतील बारावी आणि पंधरावी ही कुंडली नेण्या-आणण्याची. आमच्या घरातल्या जुन्या स्वस्त केबलीत त्या दोन्ही नव्हत्या. चित्र जाण्यास त्यांची गरज नाही, म्हणून करणाऱ्याने तेवढे तांबे वाचविले होते. मध्यस्थच मुका असल्यावर पत्रिका कोण दाखविणार! मॉनिटरच्या खोक्यातलीच केबल आळसाने आम्ही बाहेर काढली नव्हती, ती काढली. नाव तात्काळ उमटले.

नाव उमटले, चित्र मात्र जैसे थे. आता कार्डाची परीक्षा करणे आले. त्यास कार्ड म्हणणेदेखील औदार्याचे आहे. ते मदरबोर्डवरच बसविलेले, स्वतःची स्मृती नसलेले, संगणकाच्या स्मृतीतून उसनवारी करून जगणारे असे होते. आमची पहिली समजूत अशी की, म्हाताऱ्यास एवढा मोठा पडदा झेपत नसावा. म्हणून आम्ही कागदावर हिशेब मांडला. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके. प्रत्येकास चार बाइट, म्हणजे ८२,९४,४००. कार्डाने उसनी घेतलेली स्मृती आठ मेगाबाइट, म्हणजे ८३,८८,६०८. काठोकाठ, पण पुरत होते! अंगी बळ नव्हते असे नाही. मग नडले कोठे? नडले ते यादीत. कार्ड घडविणाराने त्याच्याजवळ चित्राच्या मापांची एक यादी लिहून ठेवली होती: ६४० बाय ४८०, ८०० बाय ६००, १०२४ बाय ७६८, आणि अशीच वर चढत गेलेली. त्या काळी रुंद पडदे घरोघर नव्हते, म्हणून त्यांची मापे यादीत आली नाहीत. आणि यादीत जे नाही ते आपणांस करता येते, हे कार्डास कळण्यास मार्ग नव्हता. कंपनीने काढलेला अखेरचा ड्रायव्हर चिरंजीवांनी शोधून दिला. त्याने यादी थोडी लांबविली, पण आमचे माप तीतही नव्हते. ज्या विंडोज एक्सपीवर हे सारे चालते तिच्याकडे तिच्या जनकांनीच ८ एप्रिल २०१४ पासून पाठ फिरविली आहे, तेव्हा तक्रार घेऊन जावयाचे तरी कोणाच्या दारी?

यादीकडे पाहत असता अण्णांच्या 'कन्या ३' ची आठवण आम्हांस झाली नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. पण ते राहू द्या.

मधला एक मार्ग होता. मॉनिटरच्या स्वतःच्या कळा दाबून त्यास 'चार-तीनच राख' अशी आज्ञा करता येते. तशी केली. कडेला काळे पट्टे आले, अण्णा पुनः सडसडीत झाले, आणि आई खुर्चीवर येऊन बसली. आम्ही कृतकृत्य झालो, पण घटकाभरच. तिला नावे वाचता येईनात. ज्यास मुकावे लागल्याविना ज्याचा गुण कळत नाही, अशा वस्तूंत त्या बोजड काचेच्या नळीची गणना करावी लागेल. तिच्यात ठिपक्यांची घरे ठरलेली नसल्यासारखी होती. किरणाने जितक्या ओळी ओढाव्या तितक्या ती मानून घेई. नव्या पडद्याची घरे मोजून आखलेली, उभी १०८०. त्यांत ७६८ ओळींचे चित्र बसवावयाचे म्हणजे दर ३२ ठिपक्यांचे ४५ करावे लागतात. दीड-पावणेदीड ठिपका कोठून आणणार? मग मॉनिटर शेजाऱ्यांचे रंग कालवून मधला ठिपका रचतो, आणि अक्षराच्या कडा फुटतात. इंग्रजी अक्षर या माराने फारसे जखमी होत नाही. आमच्या लिपीचा सारा जीव शिरोरेषेच्या वर आणि पायाखाली. रफार, अनुस्वार, उकार हे एकेका ठिपक्यावर उभे असतात. अनुस्वार धुराच्या लोटासारखा दिसू लागला, पहिल्या-दुसऱ्या उकारांत भेद उरला नाही. आईने दोन नावे चुकीची वाचली, मग डोळ्यांवर हात ठेवला. "उजेडात वाचू," असे ती म्हणाली. पडद्यास उजेड काय करणार?

तेव्हा खरेखुरे कार्ड आणावयाचे ठरले. मदरबोर्डवर त्यासाठी एक रिकामी खाच होती, पण ती एजीपी नावाची. १९९७ च्या सुमारास आलेली आणि २००४ नंतर पीसीआय एक्सप्रेसने मागे सारलेली. नवी कार्डे तीत बसत नाहीत. मुंबईस एका लग्नाला जावयाचेच होते, त्या मिषाने कोकण रेल्वे गाठली आणि ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलो. त्या रस्त्यास डॉ. भडकमकरांचे नाव देऊन किती वर्षे लोटली, पण त्या नावाने चौकशी करणारास तेथे कोणी वाट दाखवीत नाही. आठ दुकानांनी हसून वाटेस लावले. नवव्यात, जिन्याखाली, एक वृद्ध गृहस्थ जुन्या कार्डांची टोपली पुढ्यात घेऊन एकेकावरची धूळ रंगाच्या कुंचल्याने झाडीत बसले होते. कार्ड मागताच त्यांनी किंमत सांगितली नाही, उलट आम्हांसच प्रश्न केला, "खाच कुठे आहे?"

आम्ही भ्रमणध्वनीवर घेतलेले मदरबोर्डचे छायाचित्र पुढे केले. त्यांनी ते मोठे करून न्याहाळले. एजीपी खाचेत एक दांडा असतो. तो कोठे आहे त्यावरून ती साडेतीनाच्या आतल्या कोणत्या व्होल्टाची, ते कळते. आरंभीची कार्डे ३.३ व्होल्टांची, नंतरची दीडाची. भलतेच कार्ड बसू नये म्हणूनच तो दांडा. "पण जोर करणारे असतातच," असे म्हणून त्यांनी टोपलीतून एक करपलेले कार्ड काढून दाखविले. मॉनिटरचे माप त्यांनी विचारले. सांगितल्यावर म्हणाले, "बरे झाले, १३६६चा घेतला नाहीत." कारण असे की, ही जुनी कार्डे आडवे ठिपके आठाच्या पटीत मोजतात, आणि १३६६ ला आठाने भाग जात नाही, मग कार्ड १३६० तरी देते नाही तर १३६८, आणि त्या दोन-सहा ठिपक्यांपायी सारे चित्र अस्पष्ट होते. १९२० ला भाग जातो. एवढ्या क्षुल्लक कारणाने जुळणारी जोडी विजोड ठरते, हे ऐकून आम्हांस पत्रिकेतील एकनाडीची आठवण झाली. बाराशे रुपयांत दीड व्होल्टाचे कार्ड मिळाले, वर एक सल्ला फुकट: या कार्डास डीव्हीआयची जागा आहे, तेथून मॉनिटरच्या एचडीएमआयमध्ये साधी केबल टाका, दोन्हींतले चित्रसंकेत एकाच जातीचे असल्याने मध्ये काही रूपांतर लागत नाही, आणि अक्षर घोटून काढल्यासारखे दिसेल. पावती मागितली तेव्हा ते केवळ हसले.

मिरजोळ्यास परतलो तो पाऊस लागलेला आणि औद्योगिक वसाहतीच्या बाजूची वीज येऊन-जाऊन. तिसऱ्या दिवशी दुपारी सलग दोन तास मिळाले. पेटी उघडली, आत जांभ्याच्या तांबड्या धुळीचा बारीक थर, आणि एका कोपऱ्यात मुंग्यांनी सोडून दिलेली वसाहत. कार्ड बसले. ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून चढविला, पेटी पुन्हा सुरू केली, आणि यादी उघडली. शेवटून दुसऱ्या ओळीत १९२० बाय १०८० असे होते. ते निवडून आम्ही पुन्हा वर्तुळ काढले आणि पट्टी लावली. रुंदी आणि उंची एक.

एक गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. ठिपके दाट झाल्यामुळे अक्षरे पूर्वीपेक्षा चांगली पंचमांशाने लहान झाली. शहाऐंशी वर्षांच्या डोळ्यांना हा लाभ नव्हे. धारिका १३० टक्क्यांवर मोठी केली, तेव्हा जमले. आणि एवढी मोठी करूनही वंशावळीच्या दोन शाखा पडद्यावर शेजारी शेजारी मावल्या. जुन्या नळीवर एकावेळी एकच मावत असे, आणि थोरल्या घरातून धाकट्या घरात जाताना आई मधेच हरवत असे.

संध्याकाळी तिला आणून बसविले. पहिले पान आम्ही मुद्दाम उघडे ठेवले होते. तिने अण्णांच्या छायाचित्राकडे पाहिले, काही बोलली नाही, आणि "पुढे घे," अशी खूण केली. आम्ही आजोबांच्या पिढीवर आलो. अण्णांनी वंशावळ जुन्या पडद्याच्या रुंदीस बेतलेली, त्यामुळे नावे संपल्यावर उजवीकडे बरीच पांढरी जागा उरली होती. तिथे बोट ठेवून तिने आजोबांच्या थोरल्या बहिणीचे माहेरचे नाव सांगितले, मग सासरचे, मग ती कोणत्या साथीत गेली ते. आम्ही टंकीत गेलो. तो लिपीसंच आमच्या हातचा नाही, एकेका जोडाक्षरासाठी कळा शोधाव्या लागत. तितका वेळ ती थांबे, आणि थांबली असताना तिला आणखी एक आठवे.

वीज जाईपर्यंत सात नावे झाली. आठवीचे नाव तिला आठवेना. "तिला सगळे ताईच म्हणत," ती म्हणाली. 'कन्या' हा शब्द खोडून तेथे तूर्त तेवढेच लिहून ठेवले आहे.